झिरो पॉवरचा चष्मा, झिरो पॉवरचा दिवा

दहावीच्या वर्गात भिंगांचा धडा चालू होता. किरणाकृती, प्रतिमा, नाभीय अंतर हे सगळे आटोपून मी फळ्यावर लिहिले : ‘भिंगाची शक्ती म्हणजे मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराचा व्यस्त. एकक – डायॉप्टर.’ दोन उदाहरणे सोडवून दाखवली. तास संपायला पाचेक मिनिटे असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, गेल्या वर्षी आपण शक्ती वॅटमध्ये मोजत होतो. एका अश्वशक्तीचे ७४६ वॅट होतात, तसे एका वॅटचे डायॉप्टर किती?”

वर्ग हसला. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. “अरे, ती शक्ती वेगळी आणि ही वेगळी,” असे सांगून मी त्याला बसवले. बसता बसता तो पुटपुटला, “मग नाव एकच कशाला?” तेवढ्यात घंटा झाली म्हणून मी सुटलो.

घरी जाताना मात्र वाटत राहिले की त्या दिवशी वर्गात विज्ञानाच्या रीतीने विचार करणारा तो एकटाच होता. एका नावाची राशी एकच असते, तिची एकके वेगवेगळी असली तरी त्यांचे एकमेकांत रूपांतर करता येते, हे आम्हीच त्याला शिकवले होते. फूट आणि मीटर, कॅलरी आणि ज्यूल, अश्वशक्ती आणि वॅट. त्याने तो नियम प्रामाणिकपणे पुढे चालवला आणि आम्ही त्याला हसलो. चूक त्याची नव्हतीच. चूक पुस्तकातल्या शब्दाची होती, आणि तो शब्द तिथे आला त्याला कारण इंग्रजीतला एक अगदी साधा शब्द : पॉवर.

हा शब्द आपल्या घरात इतका रुळला आहे की त्याला परका म्हणवत नाही. पॉवर गेली, मिक्सरला पॉवर कमी आहे, चष्म्याची पॉवर वाढली, पुढाऱ्याच्या हातात पॉवर आहे, होमिओपॅथीच्या गोळ्या दोनशे पॉवरच्या आहेत (इथे तर मूळ द्रव्य जितके कमी तितकी पॉवर जास्त!). बोलताना यात काहीच अडचण येत नाही, कारण बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वस्तू असते. अडचण येते ती ‘पॉवर’चे मराठी करून ते व्याख्येत बसवताना.

आता गंमत पाहा. व्यवहारातले इंग्रजी शब्द मराठीत आणताना आपल्या लोकांनी फार शहाणपण दाखवले आहे. राज्यकर्त्याच्या हातातली पॉवर म्हणजे सत्ता. अधिकाऱ्याला कायद्याने मिळालेली पॉवर म्हणजे अधिकार. इचलकरंजीचा पॉवरलूम म्हणजे यंत्रमाग. कोर्टात चालणारे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी म्हणजे कुलमुखत्यारपत्र. ‘वकिलाची शक्ती’ असे भाषांतर कोणाही कारकुनाने केले नाही. म्हणजे शब्द एकच असला तरी प्रत्येक ठिकाणी तो काय काम करतो हे पाहून मराठीने आपला शब्द दिला. विज्ञानाच्या पुस्तकात आल्यावर मात्र हे शहाणपण आपण कोर्टाच्या पायरीवरच ठेवून आलो. तिथे पॉवर दिसली की शक्ती लिहायचे, असा जणू दंडकच पडला : विद्युतशक्ती, भिंगाची शक्ती, विशालनशक्ती, भेदनशक्ती.

शक्ती हा शब्द निवडणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण कोशाच्या दृष्टीने तो अचूक आहे. इंग्रजी ‘पॉवर’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘पोस्से’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ ‘करू शकणे’. ‘पॉसिबल’ आणि ‘पोटेन्शियल’ हे शब्द त्याच कुळातले. आपल्याकडे ‘शक्’ या संस्कृत धातूचा अर्थही करू शकणे हाच आणि त्याच धातूपासून शक्ती, शक्य, शक्यता हे शब्द झाले. म्हणजे पॉवर आणि पॉसिबल यांचे जे नाते, तेच शक्ती आणि शक्य यांचे. दोन भाषांत इतके तंतोतंत जुळणारे शब्द क्वचितच सापडतात.

पण जुळतो तो रोजच्या भाषेतला ‘पॉवर’. भौतिकशास्त्रातल्या ‘पॉवर’मध्ये ‘करू शकणे’ हा अर्थ उरलेलाच नाही.

आपल्या नववीच्या पुस्तकातल्या दोन व्याख्या शेजारी ठेवून पाहा. कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. कार्य करण्याचा दर म्हणजे शक्ती. आता एखाद्या खेडेगावातल्या आजीबाईंना विचारा, काम करण्याची जी कुवत माणसाच्या अंगात असते तिला काय म्हणतात? त्या म्हणतील, शक्ती. ‘अंगात शक्ती राहिली नाही’ याचा अर्थ काम होत नाही असा. काम मिनिटाला किती होते याचा तिथे हिशेब नाही. म्हणजे मराठी माणूस ज्याला शक्ती म्हणतो त्याला पुस्तक ऊर्जा म्हणते, आणि पुस्तक ज्याला शक्ती म्हणते त्याला मराठी माणसाकडे ‘कामाचा झपाटा’ यापेक्षा वेगळा शब्द नाही. मुले व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात आणि घरी जाऊन पुन्हा आजीबाईंचीच भाषा बोलतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

दर आणि साठा यांतला हा फरक किती मोठा असू शकतो, याचे एक उदाहरण मी वर्गात देत असतो. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॉट आहे. (इथे वॅटमध्ये मोजलेल्या राशीला ‘क्षमता’ म्हणतात आणि आत्ताच पाहिले की पुस्तकात क्षमता म्हणजे ऊर्जा. असो.) सगळे संच एक तास पूर्ण भाराने चालले तर १९ लाख ६० हजार युनिट वीज मिळेल. आता १९४५ साली हिरोशिमावर टाकलेला बॉम्ब घ्या. त्याची ऊर्जा साधारण १५ किलोटन टीएनटीइतकी धरतात. एक किलोटन म्हणजे ४१८४ अब्ज ज्यूल, आणि एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. मुलांना भागाकार करायला लावा. त्या बॉम्बची सगळी ऊर्जा सुमारे १ कोटी ७४ लाख युनिट भरते. म्हणजे पूर्ण भाराने चालणारी कोयना नऊ तासांत जेवढी वीज देईल तेवढीच!

हा आकडा फळ्यावर आला की वर्ग गप्प होतो. एका शहराची राख करणारी ऊर्जा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिवे, गिरण्या, पंप चालवणारी ऊर्जा एकच? हो, ऊर्जा एकच. फरक वेळेचा. बॉम्बमध्ये ती सेकंदाच्या साधारण दहा लाखाव्या भागात बाहेर पडते, कोयनेत नऊ तास लागतात. हा जो भयंकर फरक आहे, तोच भौतिकशास्त्रातली ‘पॉवर’. मला तर वाटते की या राशीचे नाव कार्यदर किंवा ऊर्जादर असते तर निम्मे शिकवणे नावातच झाले असते.

हा गोंधळ शाळेपुरता असता तर सोडून दिला असता. पण ‘अमुक शहराला रोज इतके मेगावॉट वीज लागते’ किंवा ‘प्रकल्पातून तासाला इतके मेगावॉट निर्माण होतील’ अशी वाक्ये बातम्यांत नेहमी दिसतात. मेगावॉट हा मुळातच दर आहे. त्याला पुन्हा ‘तासाला’ जोडणे म्हणजे ‘गाडी तासाला ताशी ६० किलोमीटर धावते’ म्हणण्यासारखे झाले. शिवाय १९६० मेगावॉट या आकड्यावरून कोयना वर्षाला किती युनिट देईल हे कळत नाही. ते तिथे पाणी किती वापरायला मिळते यावर ठरते, आणि पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वार्षिक मर्यादा घातलेली आहे. दर मोठा, पण साठा मोजका. हे ज्याला कळले नाही त्याला धरणाबद्दलचा कुठलाही वाद नीट समजणार नाही.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हेच अगदी पैशांच्या भाषेत सांगता येते. मीटर नसलेल्या शेतीपंपांना वर्षानुवर्षे अश्वशक्तीवर आकारणी होत आली आहे, म्हणजे मोटार किती तास चालली याला महत्त्व नाही, ती किती दराने काम करू शकते याचे पैसे. घरच्या मीटरचे बिल युनिटवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेवर. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली तेव्हा मर्यादा घातली ती साडेसात अश्वशक्तीची, युनिटांची नव्हे. यातून कोणाला किती लाभ होतो, पाण्याचे काय होते, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण त्यावर मत बनवायचे तर आधी अश्वशक्ती आणि युनिट या दोन वेगळ्या राशी आहेत हे ठाऊक पाहिजे. एका अश्वशक्तीची मोटार पाच तास चालो की पाच अश्वशक्तीची एक तास. नुकसानी धरली नाही तर ऊर्जा तेवढीच, सुमारे पावणेचार युनिट.

आणि हल्ली प्रत्येकाच्या खिशात असणारी पॉवर बँक? तिच्यात पॉवर नसतेच. बँकेत साठवायची गोष्ट साठवता येण्यासारखी हवी. दर कसा साठवणार? दहा हजार मिलीअँपिअर-तास असे ज्या डबीवर लिहिलेले असते तिच्यातल्या घटांचा विभवांतर ३.७ व्होल्ट धरला तर तिच्यात ३७ वॅट-तास ऊर्जा मावते. अशा सत्तावीस डब्या भरल्या तर एक युनिट होईल. त्याच डबीवर आणखी एक आकडा वॅटमध्ये छापलेला असतो. तो मात्र खरोखर पॉवरचा, फोन किती झपाट्याने भरेल ते सांगणारा. विमान कंपन्या फसत नाहीत. विनापरवानगी सोबत नेता येणाऱ्या पॉवर बँकेची त्यांची मर्यादा १०० वॅट-तासांची आहे.

‘पॉवर’ शब्दाने गोंधळ फक्त आपल्याकडे केला असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खुद्द शास्त्रज्ञांत फोर्स, पॉवर आणि एनर्जी हे शब्द सरमिसळ वापरले जात. थॉमस यंगने १८०७ साली ‘एनर्जी’ हा शब्द शास्त्रीय अर्थाने सुचवला होता, पण तो रुळायला अर्धे शतक लागले. हेल्महोल्ट्झने १८४७ साली ज्या प्रबंधात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला त्याच्या शीर्षकात ‘क्राफ्ट’ हा जर्मन शब्द आहे, म्हणजे आपल्या परिभाषेत बल. १८५३ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले तेही ‘फोर्स’ असेच. फॅरडेने १८५७ मध्ये या विषयावर व्याख्यान दिले तेव्हा शीर्षकात पुन्हा फोर्सच. ज्यांनी हे शास्त्र उभारले त्यांची जीभ अडखळत होती, तर आमच्या नववीतल्या मुलांची अडखळली म्हणून गुण का कापायचे, असे कधी कधी वाटते. तरी कापतो.

मग वॅटचा पॉवर आणि भिंगाचा पॉवर यांची गाठ कुठे पडली? त्या मुलाच्या ‘नाव एकच कशाला’ या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की गाठ कधी पडलीच नाही. ही दोन वेगळ्या धंद्यांतली नावे आहेत. गिरणीमालकांच्या भाषेत ‘पॉवर’ म्हणजे यंत्र फिरवणारी गोष्ट : पाणी, वारा किंवा घोडा. जेम्स वॅटला वाफेची इंजिने विकायची होती आणि गिऱ्हाईक विचारी, हे किती घोड्यांचे काम करील? वॅटने गिरणीच्या घोड्याचा हिशेब मांडला : १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात, तासाला १४४ फेऱ्या, १८० पौंड ओढ. उत्तर आले मिनिटाला ३२ हजार ५७२ फूट-पौंड. ते त्याने ३३ हजार असे गोल करून घेतले. अश्वशक्ती जन्मली ती अशी, विक्रेत्याच्या वहीत. दर हा अर्थ तिथूनच पक्का झाला, आणि १८८२ साली विल्यम सीमेन्सने एककाला वॅटचेच नाव सुचवले.

प्रकाशाकडची वाट निराळी. न्यूटनच्या १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये पदार्थांच्या ‘रिफ्रॅक्टिव्ह पॉवर’ची चर्चा आहे. तिथे पॉवर म्हणजे पदार्थाच्या अंगचा गुण, किरण वळवण्याची कुवत. हाच जुना अर्थ पुढे भिंगाला चिकटला. १८७२ साली फर्दिनां मोनोये या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने डायॉप्टर हे एकक सुचवले, तेव्हा त्याला वॅटच्या घोड्यांशी काही देणेघेणे नव्हते.

गणिताची कथा तर आणखी बोधक आहे. पाचाचा घन म्हणजे इंग्रजीत पाचाची तिसरी पॉवर. इथे कसली शक्ती? ग्रीक भूमितीकार रेषेवर उभारलेल्या चौरसाबद्दल बोलताना ‘डायनामिस’ हा शब्द वापरत. त्याचा रोजच्या भाषेतला अर्थ सामर्थ्य. लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे शब्दशः भाषांतर केले, आणि हेन्री बिलिंग्स्लेने १५७० साली युक्लिड इंग्रजीत आणला तेव्हा तिथे ‘पॉवर’ आला. म्हणजे आपण ‘पॉवर’च्या बाबतीत जे केले तेच इंग्रजांनी ‘डायनामिस’च्या बाबतीत आधी करून ठेवले होते.

आणि नेमके इथे मराठी गणिताची पुस्तके फसली नाहीत. आपण ‘पाचाची तिसरी शक्ती’ म्हणत नाही, ‘पाचाचा तिसरा घात’ म्हणतो. याचे श्रेय जुन्या भारतीय गणिताला. संस्कृत गणितग्रंथांत गुणाकाराला हनन, वध, घात असे शब्द आहेत (गुणाकार म्हणजे मारामारी, हे ऐकून सातवीतल्या मुलांना फार आनंद होतो). चौथ्या घाताला वर्गवर्ग आणि पाचव्याला वर्गघनघात, म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार, असे म्हणत. तेव्हा घात या नावातच काय करायचे ते सांगितलेले आहे : गुणा. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात घात आणि वॅट यांत घोटाळा करणारा एकही विद्यार्थी मला भेटलेला नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मात्र दोन्हीकडे पॉवरच वाचावे लागते.

हे एक उदाहरण हाताशी असताना भिंगाकडे परत जाऊ. ‘भिंगाची शक्ती’ हा शब्द मला तीन कारणांनी खटकतो. पहिले कारण त्या मुलाने सांगितलेच. दुसरे असे की ही ‘शक्ती’ उणे असू शकते. अंतर्गोल भिंगाची शक्ती उणे दोन डायॉप्टर. उणे शक्ती म्हणजे काय? अशक्तपणा? मुले हे विचारत नाहीत, कारण त्यांनी विचारणे सोडून दिलेले असते. तिसरे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण म्हणजे यासाठी मराठीत शब्द आधीपासून आहे. तो घराघरांत आहे. नंबर. ‘डोळ्यांना नंबर लागला’, ‘उणे दोनचा नंबर’, ‘वाचायचा नंबर अडीच’. नंबर उणे असला तर कोणालाही धक्का बसत नाही. आणि हा शब्द गावठी नाही. डायॉप्टर येण्यापूर्वी चष्म्याची भिंगे खरोखरच नंबराने विकली जात आणि तो नंबर म्हणजे इंचांतले नाभीय अंतर असे. तेव्हा नंबर मोठा तर भिंग सौम्य, आता नंबर मोठा तर भिंग जोरदार. नाभीय अंतराचा व्यस्त घेण्यामागचे सगळे मर्म या एका उलटापालटीतून शिकवता येते. अडीचचा नंबर म्हणजे नाभीय अंतर ४० सेंटिमीटर. आजोबा वर्तमानपत्र साधारण किती अंतरावर धरतात, ते मोजून यायला सांगा.

पुस्तकात नंबर हा शब्द बरा दिसत नाही, असे परिभाषा ठरवणारी मंडळी म्हणतील. ठीक आहे, मग दुसरा घ्या. पण वेगळा घ्या. फ्रेंच पाठ्यपुस्तकांत भिंगासाठी ‘व्हेर्जांस’ आणि कार्यदरासाठी ‘प्युइसांस’ असे दोन सुटे शब्द आहेत. (गणितातल्या घातालाही ते प्युइसांसच म्हणतात, म्हणजे तेही पूर्ण सुटलेले नाहीत.) जर्मनमध्ये कार्यदराला ‘लाइस्टुंग’, म्हणजे करून दाखवलेली कामगिरी, आणि घाताला ‘पोटेन्झ’. दूर कशाला, एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकात ‘लेंस की क्षमता’ आणि ‘विद्युत शक्ति’ असे वेगळे शब्द आहेत. क्षमता हा काही आदर्श शब्द नव्हे, पण निदान हिंदीतला मुलगा वॅटचे डायॉप्टर करायला जाणार नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाकाऊ नाही. आपली मुले अकरावीला विज्ञानशाखेत गेली की इंग्रजीतून शिकतात. तेव्हा एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द ठेवला तर त्यांना पूल ओलांडणे सोपे जाते. शक्ती दिसली की पॉवर, झाले. मीही बरीच वर्षे असेच मानत होतो. पण पुलापलीकडे काय वाढून ठेवले आहे ते पाहा. पुढच्या वर्गांत ‘स्टॉपिंग पॉवर’ भेटते. कणाची ऊर्जा वाटेत एकक अंतराला किती खर्ची पडते, ते ती सांगते, म्हणजे मिती काढली तर ती चक्क बलाची निघते. ‘थर्मोइलेक्ट्रिक पॉवर’चे एकक व्होल्ट प्रति केल्व्हिन. ‘मॅग्निफाइंग पॉवर’ला एककच नाही. ‘कॅण्डलपॉवर’ ही दिव्याची दीप्ती, तिचा वॅटशी सरळ संबंध नाही. संख्याशास्त्रात चाचणीची ‘पॉवर’ म्हणजे संभाव्यता. जो विद्यार्थी पॉवर म्हणजे शक्ती एवढीच जोडी घेऊन पूल ओलांडतो तो या प्रत्येक ठिकाणी ठेचकाळतो. ज्याला शाळेतच कार्यदर, नंबर आणि घात ही तीन वेगळी नावे मिळाली, तो इंग्रजीतला चौथा-पाचवा पॉवर दिसला की थांबतो आणि विचारतो, याचे एकक काय?

‘कार्य, ऊर्जा आणि शक्ती’ या धड्यातला शक्ती शब्द आता बदलावा, असे माझे म्हणणे नाही. तो इतका रुजला आहे की उपटायला गेलो तर नवा गोंधळ होईल, आणि पाच वर्षांनी पुन्हा नवी समिती बसेल. तिथे व्याख्येशेजारी ‘म्हणजेच कार्यदर’ असे लिहिले तरी पुरे. माझी तक्रार उरलेल्या शक्तींबद्दल आहे. भिंगाची शक्ती जावी. विशालनशक्तीऐवजी नुसते विशालन म्हणावे, कारण तो एक साधा पट आहे, ‘दहा पट विशालन’ म्हटले की काम होते. भेदनशक्तीला काही पुस्तकांत भेदनक्षमता म्हणतात, ते चांगले. आणि हे सगळे होईपर्यंत आपण शिक्षकांनी फळ्यावर शक्ती लिहिताना शेजारी एकक लिहायला विसरू नये. मी गेली काही वर्षे पहिल्या तासाला मुलांना घरातल्या ‘पॉवर’ गोळा करायला सांगतो : मिक्सरची पाटी, चष्म्याची चिठ्ठी, मोटारीवरची पट्टी, चार्जर. वहीत दोनच रकाने, वस्तू आणि एकक. वाद आपोआप सुरू होतात.

असाच एक वाद झिरो पॉवरच्या दिव्यावरून झाला. एक मुलगी म्हणाली, झिरो म्हणजे शून्य, तेव्हा तो रात्रभर जळला तरी बिल येत नाही, असे घरी सगळे म्हणतात. मी म्हटले, मोजून ये. तिच्या घरच्या मीटरवर ३२०० स्पंद प्रति युनिट असे छापलेले होते. तिने रात्री फ्रिजसकट सगळे बंद करायला लावले, फक्त झिरोचा जुना पिवळा दिवा चालू ठेवला आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर बसली. मीटरचा लाल ठिपका साधारण ७५ सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. तासाला ४८ स्पंद, म्हणजे १५ वॅट. रोज दहा तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. हा हिशेब तिने वर्गात फळ्यावर मांडला.

तेव्हा दुसऱ्या एकाने डोळ्यांवरचा नवाकोरा चष्मा काढून विचारले, “सर, हा पण झिरो पॉवरचा आहे. मग हाही खोटाच का?” तो चष्मा आम्ही वर्तमानपत्रावर वीतभर उंच धरला आणि सावकाश डावीकडून उजवीकडे सरकवला. त्याच्यातून दिसणारी अक्षरे जागची हलली नाहीत. मग माझा चष्मा तसाच सरकवून पाहिला. त्यातली अक्षरे उलट दिशेला पळत सुटली.